बुडाखालचं पातं

इस्पितळातल्या या सुताराला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला गुण्या म्हणायचे. काटकोन तपासायला सुतार जो लोखंडी गुण्या वापरतात, तो याच्या मागच्या खिशात कायम खोचलेला असायचा. वॉर्डाचं दार असो, औषधांचं कपाट असो नाहीतर कुबडीची मूठ, काम झालं की हा गुण्या लावून बघणार आणि केसभर फट दिसली तरी सगळं उकलून पुन्हा करणार. परिचारिका म्हणायच्या, "गुण्याने उद्या म्हटलं की परवा समजावं. पण ते दार मग आपल्याला पुरून उरतं."

लग्न केलं नव्हतं. राहायला वडिलांनी बांधलेलं दुमजली घर होतं. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय राहायचे, पुतणी शिकायला दुसऱ्या शहरात होती. खाली मागच्या बाजूला गुण्याची खोली आणि रस्त्याच्या बाजूला त्याचं स्वतःचं सुतारकामाचं दुकान. दुकान म्हणायचं एवढंच, तिथे विकायला काही नसे. जेवण मात्र तिघांचं वर, एकत्र.

धाकटा टपाल कचेरीत होता. स्वभावाने अगदी उलटा. थोरल्याचं सगळं मोजूनमापून, धाकट्याचं सगळं अंदाजपंचे. पण कयाकचं, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होडीचं, खूळ धाकट्यानेच घरात आणलं. कुठूनतरी तो लाकडी कयाकचे छापील नकाशे घेऊन आला, मोठाले नऊ कागद, आणि जेवणाच्या टेबलावर पसरून म्हणाला, "दादा, तू बांध, मी चालवतो."

"आणि तू काय करणार तोवर?"

"मी तुला चिडवणार."

दोन हिवाळे लागले. बोटभर रुंदीच्या पातळ लाकडी पट्ट्या एकीला एक चिकटवत, वाफेवर वाकवत, गुण्याने साडेपाच मीटर लांब अंग उभं केलं. त्यावर काचतंतूंचं कापड, त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचा, थर. धाकटा रोज संध्याकाळी खाली येऊन मदतीच्या नावाखाली घोळ घालायचा. इपॉक्सीचे ओघळ सोडायचा, पट्ट्या दाबून धरणारे क्लॅम्प उलटे लावायचा. गुण्या खेकसायचा आणि मनातून खूश असायचा.

नकाशाच्या सातव्या कागदावर स्केगचं चित्र होतं. स्केग म्हणजे होडीच्या बुडाखाली, मागच्या टोकाकडे असणारं माशाच्या परासारखं पातं. बुडाला एक खाच पाडायची, वर आतल्या बाजूला पाणी न गळणारी अरुंद पेटी बसवायची, पातं त्या पेटीत लपून राहतं. वारा आडवा लागला की बसल्या जागेवरून कळ सरकवायची, पातं पाण्यात उतरतं आणि होडी सरळ जाते. नाहीतर आडव्या वाऱ्यात कयाकचं शेपूट ढकललं जातं आणि ती सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते. मग वल्हवणाऱ्याला एकाच बाजूने जोर लावत बसावं लागतं.

धाकट्याने तो कागद दोनदा पुढे केला होता. पहिल्यांदा गुण्या नुसता "बघू" म्हणाला. दुसऱ्यांदा धाकटा खांदा चोळत म्हणाला, "दादा, ते पातं बसवूच या ना. माझा उजवा खांदा तुला ठाऊक आहे." टपालाच्या गोण्या उचलताना तो खांदा एकदा निखळला होता आणि तेव्हापासून थंडीत ठणकायचा.

गुण्या तेव्हा बुडावरून शेवटचा हात फिरवत होता. आरशासारखं गुळगुळीत बूड. तो म्हणाला, "एवढ्या चांगल्या होडीच्या बुडाला भोक पाडू? ज्याच्या हातात दम नाही त्याने लावावीत असली शेपटं."

धाकटा हसला. नेहमीसारखाच हसला. विषय तिथेच संपला.

होडी पाण्यात उतरल्यावर आठव्या रविवारी धाकटा एकटाच गावालगतचा तलाव ओलांडून पलीकडे गेला. चार किलोमीटरचा पल्ला, सकाळी पाणी तेलासारखं स्थिर होतं. दुपारी परत निघाला तेव्हा डोंगराकडून वारा सुटला होता, उजव्या बाजूने, आडवा. हिवाळा सरत आला होता, पण पाणी अजून हाडं गोठवणारं होतं. रात्री गस्तीची लाँच फिरली, सापडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. अंगात तरंगायचं जाकीट होतं, उलट्या होडीची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. डॉक्टर म्हणाले, बुडाला नाही, गारठ्याने गेला. पाण्यात तीन-साडेतीन तास जिवंत असावा.

शवागाराचं दार महिन्यापूर्वी गुण्यानेच दुरुस्त केलं होतं. ते आवाज न करता उघडलं. ओळख पटवायला आणखी कुणी नको म्हणून तो एकटाच आत गेला. चेहरा त्याने बघितला, मग चादरीतून हात बाहेर काढले. का काढले हे त्याला सांगता आलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातावरून त्याने कामाचा अंदाज घेतला होता, तेवढंच. धाकट्याचा डावा तळवा साफ होता. उजव्या तळव्याची कातडी बोटांच्या मुळाशी सोलून निघाली होती, फोड आले होते, फुटले होते, त्यावर पुन्हा आले होते.

गुण्याने हात चादरीखाली ठेवले, कागदावर सही केली आणि बाहेर आला. भावजय बाकावर बसली होती. तिने विचारलं, "दादा, फार त्रास झाला असेल का हो त्यांना?"

"नाही," तो म्हणाला. "झोप लागल्यासारखं होतं म्हणतात."

मग महिनाभर माणसं येत राहिली. वारा कुणाच्या हातात असतो का, म्हणाली. वेळ आली की माणूस स्वतःच चालत जातो, म्हणाली. गुण्या मान हलवायचा. होडी पोलिसांनी पंचनामा करून परत पाठवली, ती दुकानात लाकडी घोड्यांवर पालथी पडून होती. तिला एक ओरखडासुद्धा नव्हता. वर जेवताना तिसरी खुर्ची कुणी हलवली नाही, आणि दोघांत बोलण्यासारखं मीठ-पाण्यापलीकडे काही राहिलं नाही. भावजय औषधांच्या दुकानात काम करायची. ती दोन आठवड्यांत कामावर गेली. गुण्याही गेला. दारं काय, मोडतच असतात.

सहा महिने त्याने त्या होडीकडे बघितलं नाही. बघायचं टाळता येईल एवढी ती लहान नव्हती, पण माणसाला जमतं. मग एका संध्याकाळी कामावरून आला, दिवा लावला, सातवा कागद भिंतीला टाचला आणि होडीच्या बुडावर पेन्सिलीने रेघ मारली. मागच्या टोकापासून सत्तर सेंटिमीटर, बरोबर मध्यावर, हाताएवढी लांब.

करवतीचा आवाज ऐकून भावजय खाली आली. बुडाला पडलेली खाच बघून ती दारातच थांबली.

"दादा, हे काय करताय?"

"पातं बसवतोय. स्केग. नकाशात होतं."

"आता?"

गुण्याने करवत खाली ठेवली. सहा महिने जे जिभेवर आलं नव्हतं ते आता आलं, आणि एकदा सुटल्यावर थांबलं नाही. त्याने सगळं सांगितलं. धाकट्याने दोनदा विचारलं ते. आपण काय उत्तर दिलं, अगदी त्याच शब्दांत. आणि उजव्या तळव्याचं.

भावजय आत येऊन खाचेपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "झोप लागल्यासारखं होतं म्हणालात तुम्ही."

"शेवटी होतं. आधी नसतं होत."

"हे पातं असतं तर वाचले असते?"

"माहीत नाही. म्हणून तर बसवतोय. तसाच वारा सुटला की जाऊन बघणार."

ती जिना चढायला वळली. पहिल्या पायरीवरून म्हणाली, "कळलं की मला सांगा. जे असेल ते. पुन्हा झोपेच्या गोष्टी नकोत."

काम म्हटलं तर आठवड्याचं होतं, पण लागले पाच आठवडे. पेटी बसवायला आतली बाजू सपाट हवी होती, आणि नेमकी तिथेच धाकट्याने लावलेल्या इपॉक्सीचे ओघळ होते. होडीच्या वरच्या अंगाला मागे असलेलं झाकण काढून, त्यातून खांद्यापर्यंत हात घालून, गालाला होडी घासत, गुण्या ते ओघळ पटाशीने तासत राहिला. बोटाच्या टोकाने चाचपायचं आणि तासायचं. एका ओघळात क्लॅम्पखालच्या वर्तमानपत्राचा तुकडा अडकला होता. त्याबद्दल धाकट्याला त्याने केवढं झापलं होतं! दोन दिवसांनी आतली बाजू सपाट झाली. तिथे धाकट्याच्या हातचं काही राहिलं नाही.

पेटी पातळ प्लायवूडची केली. पातं ॲल्युमिनियमचं, कडा कानशीने गोल केलेल्या, पुढच्या कोपऱ्यात पितळी खिळीवर फिरणारं. कळीपासून पात्यापर्यंत ओढणारं काहीतरी हवं होतं, म्हणून तो नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे गेला. सायकलवाला शाळेपासूनचा मित्र, तोंडाने फटकळ, आणि हात कायम ग्रीसने काळे.

"ब्रेकची वायर दे," गुण्या म्हणाला. "लांब. वर ओढायला आणि खाली ढकलायला."

"वायर ढकलत नसते, बाबा. वायर म्हणजे कचेरीतला कारकून, ओढलास तर हलेल, ढकललास तर वाकडा होऊन बसेल." सायकलवाल्याने ड्रॉवर उपसला. "वर ओढायला वायर घे. खाली ओढायला पात्याला रबराची दोरी बांध. वायर सैल सोडलीस की रबर आपसूक खाली खेचेल. कशावर चढवतोयस?"

गुण्याने सांगितलं. सायकलवाल्याचे हात थांबले. मग त्याने सगळ्यात चांगली वायर काढली, नळीसकट, आणि गुंडाळून दिली.

पेटी चिकटवून वाळल्यावर गुण्याने होडी सुलटी करून तिचा मागचा भाग बादल्या ओतून पाण्याने भरला. गळती असेल तर खाली थेंब दिसतो. सकाळी पेटीच्या पुढच्या कोपऱ्यात एक थेंब लोंबत होता. एकच. वर चिंधी कोंबून भागलं असतं, निदान एका फेरीपुरतं. पण त्याने स्वतःचंच चिकटवलेलं पटाशीने फोडून काढलं, चार संध्याकाळी फोडत होता, आणि पेटी पहिल्यापासून नवी केली. दुसऱ्या खेपेला थेंब आला नाही.

मग वाऱ्याची वाट बघणं आलं. इस्पितळाच्या गच्चीवर निशाण होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत गुण्या चार जिने चढून ते बघायचा. एकोणीस दिवस ते नुसतं लोंबत तरी होतं नाहीतर भलतीकडे फडकत होतं. विसाव्या दिवशी दुपारी डोंगराकडून ताणलं गेलं. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सायकलवाल्याला घेऊन धक्क्यावर गेला. सायकलवाल्याने त्याच्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून बघितले.

"मी इथून हलत नाही. हात वर केलास की लाँचवाल्याला उठवतो. फार लांब जाऊ नकोस."

गुण्या किनाऱ्याला समांतर निघाला, वारा उजवीकडून घेऊन. पातं आधी वरच ठेवलं, पेटीत. दहा हात जातो न जातो तोच होडीने वाऱ्याकडे मान फिरवायला सुरुवात केली. उजवीकडून एक जास्तीचं वल्हं मारलं, सरळ झाली. पुन्हा फिरली. पुन्हा उजवीकडून. त्याने मनाशी मोजायला घेतलं. शंभर वल्ही झाली तेव्हा एकाहत्तर उजवीकडची होती. त्याचा धडधाकट खांदा भरून आला. आणि ही शंभरच होती. चार किलोमीटरला किती होतात हा हिशेब त्याने तिथेच, लाटांवर हेलकावत केला.

मग कळ पुढे सरकवली. मागे बुडाखाली काहीतरी अलगद उतरल्याचं जाणवलं. होडी सरळ निघाली. लाटा तशाच होत्या, वारा तसाच कानात घोंघावत होता, आणि होडी रुळावर ठेवल्यासारखी समोर किनाऱ्यावर दिसणाऱ्या एका पांढऱ्या खांबाकडे चालली होती. शंभर वल्ह्यांत उजवीकडची एक्कावन्न.

गुण्याने पातं वर घेतलं. होडी फिरली. खाली सोडलं, सरळ झाली. पुन्हा वर घेतलं. कुठेतरी चुकेल, अडकेल, एखादी मोठी लाट येईल आणि पात्याला जुमानणार नाही, असं त्याला वाटत होतं. जन्मात पहिल्यांदाच आपल्या हातचं काम फसावं म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. तासभर करत राहिला. काम फसलं नाही.

धक्क्यावर सायकलवाल्याने त्याला हाताला धरून वर ओढलं. "काय? चालत नाही का?"

"चालतंय."

"मग तोंड असं का?"

गुण्याने दोन्ही आकडे सांगितले.

"हे बघ," सायकलवाला म्हणाला, "वहिनीला काय कळणार आहे एकाहत्तर नि एक्कावन्न? सांग, वारा फार होता, पात्याने काही फरक पडला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पण सुटेल, तू पण सुटशील. एका घरात राहता तुम्ही."

"हो."

"हो म्हणजे सांगणार ना तसं?"

गुण्या वल्हं पुसत होता. "होडी उचलायला हात लाव," एवढंच म्हणाला.

घरी पोचेपर्यंत तो तसंच सांगणार होता. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. वर गेला तेव्हा भावजय टेबलाशी बसली होती. त्याचे कपडे ओले बघून तिने चहाचा कप बाजूला सारला आणि नुसती बघत राहिली. जुळवलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही.

"फरक पडतो," गुण्या म्हणाला. "पुष्कळ पडतो. पातं खाली असलं की दोन्ही हातांना सारखं काम. त्याला पोचता आलं असतं."

"नक्की?"

"आजच्यासारखाच वारा असेल तर नक्की. धक्क्यावर लाँचवाले वाऱ्याचा जोर रोज नोंदवतात, त्या दिवशीचाही आहे. आजचा त्याहून कमी नव्हता."

भावजय रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमचा राग करायला मला ताकद पाहिजे, दादा. ती आत्ता नाही. पण येईल."

"येऊ दे."

"मुलीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि मी इथे समोर बसणार."

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला. पुतणीचं "हं, आई" ऐकू आलं. "मी आहे, मोठा काका," म्हणून गुण्याने सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये फोन चालू आहे ना म्हणून त्याने दोनदा बघितलं. शेवटी तिने विचारलं, "बाबांनी स्वतः मागितलं होतं?"

"हो."

"एकदा?"

"दोनदा."

फोन बंद झाला.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं गुण्याला पुष्कळदा वाटे. भावजय त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि स्वतः आधी जेवून घ्यायची. पाण्याची मोटर, विजेचा खटका, दुधाची पिशवी, एवढ्यापुरतं बोलणं. तिचा राग आला तो असा, बारीक आणि रोजचा. एकदा मात्र जिन्यात समोरासमोर आल्यावर ती म्हणाली, "खोटं बोलला असतात ना, तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता. हेच मला सहन होत नाही." आणि वर निघून गेली. या बोलण्याचं काय करायचं ते गुण्याला कळलं नाही. माफी म्हणावी तर माफी नव्हती.

दुसरं घर बघावं असं त्याच्या मनात आलं होतं. त्याने तसं विचारलंही. ती म्हणाली, "पळायचं असेल तर जा." तो गेला नाही.

पुतणी त्या वर्षी सुट्टीत आली नाही. पुढच्या वर्षी आली. दोन दिवस तिने खालच्या मजल्यावर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गुण्या डबा घेऊन निघत होता, तेवढ्यात ती दुकानात शिरली आणि होडीपाशी उभी राहिली. बापासारखीच उभी राहायची, एका पायावर भार टाकून.

"कळ कुठे आहे?"

त्याने बसायच्या जागेशेजारची लाकडी कळ दाखवली. तिने ती पुढे सरकवली. बुडाखालून पातं बाहेर आलं. मागे ओढली, पातं आत गेलं. पुन्हा सरकवली. तिला जोर लावावा लागत नव्हता, तर्जनी पुरत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"दुखऱ्या खांद्यानेसुद्धा झालं असतं."

"हो."

तिने कळ होती तशी मागे केली, हात झटकले आणि जिना चढून गेली. गुण्या दुकानाचं दार ओढून घेऊन कामावर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या वॉर्डाचं दार लागत नव्हतं, पावणेनऊपासून दोनदा निरोप येऊन गेला होता.